कमरेचं पिस्तूल: दिसावं की लपावं?

प्रश्न आला आहे तो असा. ह्यूस्टनच्या बाहेर पेट्रोल पंपाला लागून असलेलं दुकान नवऱ्याने भागीदारीत घेतलंय. रात्री अकरापर्यंत गल्ल्यावर तोच असतो. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या चौकातलं दुकान लुटलं गेलं. दोघांनाही ग्रीन कार्ड मिळून वर्ष झालंय. नवऱ्याचं म्हणणं, पिस्तूल कमरेला सगळ्यांना दिसेल असं लावतो, बघूनच चोर मागे फिरेल. बायकोचं म्हणणं, ठेवायचंच असेल तर निदान शर्टाखाली ठेव, गिऱ्हाइकं काय म्हणतील? रोज रात्री जेवताना हाच वाद. कोण बरोबर?

बायको बरोबर आहे, पण कारण गिऱ्हाइकं नव्हेत. खरं कारण सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मूळची चिपळूणची, टेक्सासात चोवीस वर्षं. नोकरी फार्मसीत, आणि गेली बारा वर्षं शनिवारी हँडगन लायसन्सचे वर्ग घेते. लहानपणी घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, डुकरांपासून शेत राखायचा रीतसर परवाना. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. रानात जाताना आजोबा ती उघडी खांद्यावर टाकायचे. एसटीने तालुक्याला न्यायची झाली की मात्र जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायचे. कायद्यात काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं असेल असं वाटत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या बाईला उगाच धास्ती नको, एवढाच त्यांचा हिशेब.

तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड आहे म्हणून पुढचं बोलते. इतर वाचणाऱ्यांसाठी हे आधी, कारण आपल्या लोकांमध्ये याबाबत भयंकर गैरसमज आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन किंवा फिरायला आलेल्यांचा बी-टू, असा कुठलाही तात्पुरता व्हिसा असेल तर फेडरल, म्हणजे साऱ्या देशाला लागू असलेल्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. चालू असलेला शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. टेक्सासात आता परवाना लागत नाही म्हणून सगळ्यांना मोकळीक आहे, असं ऑफिसातला कुणी गोरा सहकारी सांगेल. तो त्याच्यापुरतं खरं बोलतोय. तुमच्या बाबतीत ते इमिग्रेशनच्या फाइलवर कायमचा डाग होऊ शकतं. भारतातून आलेल्या सासऱ्यांना हौसेने शूटिंग रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणारेही मी पाहिलेत. नेऊ नका.

आता मुख्य वाद. सिनेमात टेक्सास म्हटलं की प्रत्येकाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर. प्रत्यक्षात १८७१च्या कायद्याने इथे पिस्तूल घेऊन फिरण्यावर बंदी आली, प्रवासी वगैरे थोडे अपवाद सोडून, आणि ती जवळजवळ सव्वाशे वर्षं टिकली. बदल झाला तो एका हत्याकांडानंतर. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एकाने गाडी काच फोडून आत घातली आणि २३ माणसं मारली. सुझाना ग्रॅशिया हप ही बाई तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण जवळ ठेवणं बेकायदा. आईवडील दोघंही गेले. पुढे ती ठिकठिकाणी साक्ष देत फिरली, मग आमदार झाली. १९९५मध्ये कायदा झाला आणि १९९६पासून लोक परवाना घेऊन पिस्तूल बाळगू लागले, पण फक्त लपवून. वाऱ्याने शर्ट उडाला तर गुन्हा होईल का, ही त्या काळातल्या वर्गांमधली सगळ्यात मोठी भीती. उघड लावायची मुभा परवानाधारकांना १ जानेवारी २०१६ला मिळाली, आणि १ सप्टेंबर २०२१पासून परवान्याचीच सक्ती गेली. आता उघड लावायचं तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं, एवढीच मुख्य अट. देशात अशी विनापरवाना राज्यं आता २९ आहेत. उलट फ्लोरिडात लपवून बाळगायला परवाना सहज मिळायचा, पण उघड लावणं हा गुन्हा होता, तो २०२५च्या सप्टेंबरात तिथल्या अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवला. इलिनॉयात आजही उघड चालत नाही. म्हणजे तुमच्या घरातला वाद पन्नास राज्यांच्या विधिमंडळांमध्येही मिटलेला नाही.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात हा वाद अगदी उलटा होता. केंटकी आणि लुइझियानाने १८१३मध्येच लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली होती. जॉर्जियाच्या कोर्टाने १८४६मध्ये आणि लुइझियानाच्या कोर्टाने १८५०मध्ये साधारण असं म्हटलं की उघड शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क, लपवणं हे दबा धरणाऱ्या मारेकऱ्याचं लक्षण. सभ्य माणूस शस्त्र दाखवून चालतो, लबाड लपवतो. आज माझ्या वर्गात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना नेमकं याच्या विरुद्ध वाटतं. दाखवणारा तो मिरवणारा, लपवणारा तो जबाबदार. मधल्या काळात माणसं शहरात राहायला आली आणि समोरचा कोण हे ओळखेनासं झालं. गावात पाटलाच्या खांद्यावरची बंदूक बघून कुणी दचकत नाही, कारण पाटील माहीत असतो. दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कमरेचं पिस्तूल काय सांगतं? काहीच नाही. तो पोलीस आहे, भित्रा आहे, शहाणा आहे की डोकं फिरलेला, हे बघणाऱ्याने स्वतःच ठरवायचं. आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे: पिस्तूल दाखवलं की पुढचा निर्णय बघणाऱ्याच्या हातात जातो. बघणारा चोर असेल, पोलीस असेल, घाबरलेली आई असेल. लपवलेलं असेपर्यंत निर्णय तुमचा.

नवऱ्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बघून चोर मागे फिरतो, हे कधीतरी होतच असणार. अडचण अशी की न घडलेली चोरी कुणाच्या वहीत लिहिली जात नाही. शस्त्र बाळगायला मुभा देणाऱ्या कायद्यांमुळे गुन्हे घटले असा दावा अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी नव्वदच्या दशकात केला, त्यावर रणकंदन झालं आणि २००४मध्ये नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने सांगितलं की उपलब्ध पुराव्यावरून धड इकडचं सिद्ध होत नाही, धड तिकडचं. तेव्हा मी आकडेवारीच्या भरवशावर बोलत नाही, जे डोळ्यांनी बघितलंय त्यावर बोलते.

उलट बाजूची उदाहरणं मात्र नोंदलेली आहेत. ऑरेगनमधल्या ग्रेशम गावात २०१४च्या ऑक्टोबरात एक एकवीस वर्षांचा मुलगा नुकतंच घेतलेलं पिस्तूल उघड लावून पहाटे रस्त्यावर गप्पा मारत उभा होता. एकाने येऊन सिगरेट मागितली, मग स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढलं आणि म्हणाला, तुझी बंदूक आवडली मला, दे. मुलाने दिली. दुसरं काय करणार?

हे ऐकून वर्गात कुणीतरी म्हणतंच की माझ्याकडून कोण हिसकावतंय बघू. मग मी निळं पिस्तूल काढते. प्लास्टिकचं, आकार आणि वजन खऱ्यासारखं, त्यातून काही उडत नाही. गेल्या वर्षी एक सहा फुटी गडी होता, गुरांचा व्यवसाय, हाताचा पंजा परातीएवढा. त्याच्या उजव्या कमरेला साध्या होल्स्टरमध्ये ते निळं पिस्तूल लावलं आणि टेबलापाशी उभं करून एक फॉर्म भरायला दिला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर. वर्गातली एक बुटकीशी नर्स मागून आली आणि डाव्या बाजूने म्हणाली, एक्सक्यूज मी, पेन मिळेल का? त्याने मान डावीकडे वळवली. उजवीकडून पिस्तूल गेलं. त्याला कळलं ते सगळे हसले तेव्हा. पठ्ठ्याने पुन्हा करूया म्हणून हट्ट धरला, या वेळी सावध होता, कोपर आवळून उभा. तिने पेन परत दिलं, त्याने घ्यायला हात पुढे केला, कोपर सुटलं, पिस्तूल पुन्हा गेलं. दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस दिवसभरात असाच शेकडो वेळा हात पुढे करतो. सुट्टे पैसे देतो, लॉटरीचं तिकीट फाडतो, खालचा खोका उचलायला वाकतो.

पोलिसांचं पिस्तूल उघड असतं हे खरं, पण त्यांच्या होल्स्टरला दोन-तीन कुलुपं असतात. अंगठ्याने टोपी पुढे ढकलायची, मग कळ दाबायची, तेव्हा ते बाहेर येतं. शिवाय हिसकावणाऱ्याशी झोंबण्याचं प्रशिक्षण त्यांना देतात, आणि तरीही काही पोलिसांची शस्त्रं हिसकावली जातात. दुकानातून पंचवीस डॉलरचं कापडी होल्स्टर आणून पिस्तूल उघडं लावणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. उघडच लावायचं असेल तर चाप पूर्ण झाकणारं, कुलपाचं, पट्ट्याला घट्ट बसणारं होल्स्टर घ्या आणि झोंबाझोंबीचा वर्ग करा. माझ्याकडे उघड लावायचं म्हणून आलेल्यांपैकी हा दुसरा वर्ग करायला तयार झालेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आता वेळेचं गणित. उघड लावणाऱ्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा हाच: शर्ट वर खेचण्यात वेळ जातो. जातो, कबूल. सराव असलेल्याला शर्टाखालून काढून पहिली गोळी झाडायला दीड ते दोन सेकंद लागतात, उघड होल्स्टरमधून त्यातला पाव-अर्धा सेकंद वाचतो. पण दरोडेखोर दुकानात शिरतो तेव्हा पिस्तूल त्याच्या हातातच असतं. त्याला फक्त बोट हलवायचंय, पाव सेकंदात. म्हणजे तुमचा वाचलेला अर्धा सेकंद जमेस धरूनही तुम्ही हरलेलेच. सुरा घेतलेल्या माणसाचंही तसंच. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३मध्ये मोजून दाखवलं की एकवीस फुटांवरचा माणूस दीड सेकंदात अंगावर येतो. तुमच्या काउंटरची रुंदी तीन फूट. पिस्तूल दिसलं की तो चमकून थांबेल हा एक शेवट झाला. पिस्तूल दिसलं म्हणून तो आधी तुमच्यावरच झाडेल हाही एक शेवट आहे, आणि यातला कुठला होणार ते त्याने ठरवायचं, तुम्ही नाही.

लपवलेल्याला वेळ निवडता येते. इंडियानात ग्रीनवुड मॉलमध्ये १७ जुलै २०२२ला एकाने रायफलने गोळीबार सुरू केला. एलाय डिकन हा बावीस वर्षांचा मुलगा मैत्रिणीबरोबर तिथे होता. त्याने खांबाचा आधार घेतला आणि सुमारे चाळीस यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या, आठ लागल्या. सुरुवात ते शेवट पंधरा सेकंद. तरी तेवढ्यात तीन माणसं गेलीच होती. त्याचं पिस्तूल आधी दिसत असतं तर पहिली गोळी कुणाला लागली असती? हे उदाहरण मी जपून देते, कारण ते ऐकून प्रत्येकाला आपण डिकन आहोत असं वाटायला लागतं. चाळीस यार्डांवरून दहातले आठ हे माझ्या वर्गातल्या कुणालाही निवांत रेंजवर, गार हवेत, छाती धडधडत नसताना जमत नाही. मलाही रोज जमेल असं नाही.

पोलिसांचा भाग आपल्या रंगाच्या लोकांनी जास्त लक्ष देऊन वाचावा. ७ जुलै २०१६, डॅलस. मोर्चावर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांवर एकाने गोळ्या झाडल्या, पाच पोलीस गेले. त्या मोर्चात एक काळा माणूस खांद्याला रायफल लावून कायदेशीरपणे चालत होता. त्याचा गोळीबाराशी काडीचा संबंध नव्हता. पोलिसांनी त्याचा फोटो संशयित म्हणून जगभर पाठवला. गोळीबार सुरू झाल्यावर त्याने स्वतःहून रायफल पोलिसाच्या हातात दिली, म्हणून वाचला. तिथले पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन नंतर म्हणाले, गोळीबार सुरू असताना चांगला कोण आणि वाईट कोण हे ओळखणं अवघड होऊन बसतं. माझ्या वर्गातला गोरा विद्यार्थी कमरेला पिस्तूल लावून हार्डवेअरच्या दुकानात खिळे घेतो, कुणी वर बघत नाही. माझा नवरा, दाढीवाला, सावळा, तसाच गेला तर कुणीतरी गाडीत जाऊन फोन लावेल आणि येणाऱ्या पोलिसाला फोनवरचं वर्णन तेवढं माहीत असेल. कायदा दोघांना सारखाच, पण फोन उचलणारं बोट कायद्याचं नसतं.

लपवलं की हा प्रश्न सुटतो असंही नाही. डॅलसच्या आदल्याच दिवशी मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल यांची गाडी पोलिसाने थांबवली. परवाना होता, पिस्तूल लपवलेलं होतं, आपल्याकडे पिस्तूल आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. खटल्यात तो पोलीस निर्दोष सुटला. म्हणून गाडी थांबवली की काय करायचं हे मी वर्गात प्रत्येकाकडून खुर्चीवर बसवून करून घेते: आतला दिवा लावायचा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटं उघडी, आणि पहिला शब्द ‘गन’ नाही. ‘आय हॅव अ लायसन्स टू कॅरी’, मग ते कुठे आहे ते सांगायचं, आणि मग विचारायचं की मी आता काय करू. खिशात हात सांगितल्याशिवाय घालायचा नाही. टेक्सासात परवानाधारकाकडे पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असेल तर परवानाही दाखवायचा असतो.

दारावरच्या पाट्यांचा घोळ नव्या माणसाला समजत नाही. ३०.०७ क्रमांकाची पाटी म्हणजे परवानाधारकानेही उघड पिस्तूल आणू नये. ३०.०६ म्हणजे लपवलेलंही नको. ३०.०५ ही परवाना नसलेल्यांसाठी. इंग्रजी आणि स्पॅनिश, एक इंची ठळक अक्षरं. लाल ५१% दिसलं की तो बार आहे, निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथे बसून पिण्याच्या दारूचं, आत पिस्तूल नेणं गुन्हा. बऱ्याच दुकानांनी मधला मार्ग काढून फक्त ०७ लावली. एच-ई-बी या किराणा दुकानांच्या साखळीने २०१६मध्येच उघड नको म्हटलं. एल पासोच्या २०१९च्या हत्याकांडानंतर वॉलमार्टनेही गिऱ्हाइकांना तशी विनंती केली. म्हणजे उघड लावणाऱ्याने दूध आणायला जाताना ते काढून गाडीत ठेवायचं, आणि गाडीत ठेवलेलं पिस्तूल चोराला सगळ्यात सोपं. देवळांचा नियम २०१९मध्ये बदलला, पाटी नसेल तर परवानाधारकाला नेता येतं, पण विश्वस्तांना विचारून जा. आणि मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असेल, बहुतेक ठिकाणी असतोच, तर परवाना असो की नसो, आत पिस्तूल न्यायचं नाही. आरतीच्या गर्दीत कुणाचं तरी पोर कमरेला मिठी मारतं, तिथे ते नसलेलंच बरं.

लपवण्याचे तोटे उघडवाले सांगतात त्याहून जास्त आहेत, आणि ते मला स्वतःला भोवलेत. ह्यूस्टनचा ऑगस्ट, पोटाशी पाऊण किलो लोखंड आणि प्लास्टिक, घामाने कातडी सोलून निघते. बायकांच्या जीन्सना धड पट्ट्याचे लूप नसतात. पंजाबी ड्रेसवर मी पोटाला बांधायची पट्टी वापरून पाहिली, साडीचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. पण खरी फजिती वेगळीच झाली. हायवेवरच्या एका हॉटेलच्या स्वच्छतागृहात मी होल्स्टरसकट पिस्तूल काढून कागदाच्या गुंडाळीच्या डब्यावर ठेवलं. फोन वाजला, लेकीचा. बोलत बोलत हात धुतले, बाहेर आले, काउंटरवर कॉफी मागितली. पाकिटासाठी हात कमरेला घासला तेव्हा तिथे काही नव्हतं. आत धावले तर दाराबाहेर एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती, आतलं कुणी बाहेर येण्याची वाट बघत. आत कुणी नव्हतं, दार नुसतं लोटलेलं होतं. मी पुढे घुसले, सॉरी म्हटलं, कडी लावली आणि पाच मिनिटं तिथेच बसून राहिले, हात थरथरायचे थांबेपर्यंत. तेव्हापासून वर्गात सांगते: स्वच्छतागृहात ते पँटमध्येच, दोन्ही पायांच्या मध्ये, होल्स्टरमध्येच राहणार. कुठल्याही फळीवर, खुंटीवर, डब्यावर ठेवायचं नाही. हे ऐकताना लोक हसतात, आणि दर वेळी कुणीतरी एक हसत नाही.

पर्समध्ये ठेवू का, हा बायकांचा हमखास प्रश्न. नको. आयडाहोतल्या हेडन गावी ३० डिसेंबर २०१४ला एक आई वॉलमार्टात खरेदी करत होती. पिस्तूल पर्समध्ये, खास त्यासाठी केलेल्या चेनच्या कप्प्यात. दोन वर्षांचा मुलगा ट्रॉलीत पर्सशेजारी. त्याने चेन उघडली. आई जागीच गेली. लपवलेलं म्हणजे अंगावर, आणि अंगावर नसेल तेव्हा तिजोरीत, तिसरी जागाच नाही. दुसरा विसराळूपणा विमानतळावरचा. देशभरातल्या तपासणी नाक्यांवर २०२३मध्ये ६,७३७ बंदुका पकडल्या, बहुतेक भरलेल्या. पकडलेल्यांचं ठरलेलं उत्तर: बॅगेत आहे हे विसरलोच होतो.

आता तुमचं दुकान. स्वतःच्या ताब्यातल्या जागेत मालकाला उघड काय, लपवून काय, टेक्सासचा कायदा आडवा येत नाही. तरी मी तुमच्या नवऱ्याला सांगेन ते असं. आधी गल्ला रिकामा करा. काउंटरखाली फटीतून नोटा टाकायची, वेळेचं कुलूप असलेली तिजोरी बसवा आणि गल्ल्यात पन्नास डॉलरच्या वर नसतात अशी पाटी दारावर लावा. काचेवरच्या बिअरच्या जाहिराती काढा, म्हणजे रस्त्यावरून काउंटर दिसेल. चोराला परत फिरवायला कमरेच्या पिस्तुलापेक्षा या दोन गोष्टी जास्त कामाच्या. कुणी आलंच तर पैसे देऊन टाका. दोनशे डॉलरसाठी माणूस मारायचा नाही आणि मरायचंही नाही. पिस्तूल आहे ते पैसे घेतल्यावरही तो जात नाही, मागच्या खोलीत चल म्हणतो, त्या वेळेसाठी. त्या वेळी ते त्याला माहीत नसलेलं हवं. आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत झाली म्हणून शर्ट वर करून दाखवायचं नाही. समोरच्याला घाबरवायच्या हेतूने शस्त्र दाखवणं हा टेक्सासातही गुन्हा आहे, स्वतःच्या दुकानात असलात तरी पोलीस आधी तेच विचारतील.

शेतावर, रँचवर, शिकारीला मात्र खुशाल उघड लावा. तिथे लपवण्यात काही अर्थ नाही आणि बघायला गुरांशिवाय कुणी नसतं.

परवाना सक्तीचा नसला तरी घ्या. फी चाळीस डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, आणि ५० गोळ्या: तीन यार्डांवरून २०, सातवरून २०, पंधरावरून १०. अडीचशेपैकी १७५ गुण मिळाले की झालं. चाचणी सोपी आहे, कबूल करते, ती पास झालो म्हणजे नेमबाज झालो असं नव्हे. पण बऱ्याच दुसऱ्या राज्यांमध्ये हा परवाना चालतो. दुसरं, फेडरल कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेणं गुन्हा आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. विनापरवाना माणूस मुलाला शाळेत सोडायला जाताना रोज तो गुन्हा करत असतो, हे त्याच्या गावीही नसतं. घरात सतरा वर्षांखालचं मूल असेल तर भरलेली बंदूक त्याच्या हाती लागेल अशी ठेवणं हाही वेगळा गुन्हा, तेव्हा पलंगाशेजारची छोटी तिजोरी पिस्तुलाच्या आधी विकत आणा.

पिस्तूल कुठलं घ्यायचं हे रेंजवर भाड्याने चार-पाच चालवून मग ठरवा. हाताला बसेल ते. होल्स्टर त्याच मॉडेलचं, कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं. पहिले दोन आठवडे घरात रिकामं लावून फिरा, भांडी घासा, वाका, सोफ्यावर बसा, म्हणजे कुठे टोचतं आणि कुठून दिसतं ते कळेल. पट्टा मात्र रोजचा चालणार नाही, जाड आणि ताठ लागतो. नवऱ्याच्या कमरेच्या मापापेक्षा दोन इंच मोठा मागवा, आत पिस्तूल मावायचं असतं हे पहिल्यांदा सगळेच विसरतात आणि परत पाठवायचा खर्च त्यांच्याच डोक्यावर बसतो.